थोर रॅप अल्बमकडून श्रोत्याला काय हवे असते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये महिन्यातून एकदा भरणाऱ्या आमच्या श्रवणबैठकीत एक संपूर्ण रॅप अल्बम पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्या ट्रॅकपर्यंत न थांबता ऐकला जातो आणि मग त्यावर चर्चा होते. बैठकीला येणारे, येऊ इच्छिणारे आणि केवळ निरोप पाठवून शंका विचारणारे, अशा सर्वांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरांतील मते माझी, म्हणजे बैठकीचे संयोजन करणाऱ्याची, आहेत. त्यांवर बैठकीत नेहमी एकमत होतेच असे नाही.

१. रॅप अल्बम म्हणजे नेमके काय? दहा-बारा रॅप गाणी एकत्र केली की अल्बम होतो का?

बाजाराच्या हिशेबाने होतो, ऐकणाऱ्याच्या हिशेबाने होईलच असे नाही. रॅप ज्यातून आला त्या हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क याने वाजवलेल्या एका पार्टीत झाला असे मानतात, आणि त्यानंतरची अनेक वर्षे हे संगीत नाचण्यासाठी, जमलेल्या लोकांना खेळवत ठेवण्यासाठीच होते. एका बैठकीत सलग ऐकण्याजोगी, स्वतःची सुरुवात आणि शेवट असलेली कृती म्हणून रॅप अल्बमकडे पाहण्याची सवय पुढे लागली. आज आपण 'अल्बम' म्हणतो तेव्हा गाण्यांचा क्रम ठरवलेला आहे, एका गाण्याचा दुसऱ्याशी काही संबंध आहे आणि यांतले एखादे काढून टाकले तर काहीतरी कमी पडेल, एवढी अपेक्षा त्यात असते. मिक्सटेपकडून, म्हणजे अनौपचारिकपणे काढलेल्या गाण्यांच्या संचाकडून, ही अपेक्षा कमी असते. तिथे कलावंत मोकळेपणाने प्रयोग करतो आणि सांडलवंड चालते. अर्थात, काही मिक्सटेप कित्येक अल्बमांपेक्षा अधिक बांधेसूद असतात, त्यामुळे वेष्टनावर काय छापले आहे याला फार महत्त्व देऊ नये.

२. श्रोत्याला थोर अल्बमकडून काय हवे असते, हे एका वाक्यात सांगता येईल का?

बैठकीला नव्याने येणाऱ्यांना मी ऐकण्यापूर्वी हाच प्रश्न विचारतो. बहुतेक जण 'शब्द' असे उत्तर देतात, काही जण 'बीट' (शब्दांमागचे वाद्यसंगीत) म्हणतात, एखादा 'फ्लो' म्हणतो. अल्बम संपल्यावर मात्र बोलणे वेगळ्याच गोष्टींवर येते. अमुक ओळीपूर्वी तो क्षणभर थांबला, आईचा उल्लेख आल्यावर त्याचा आवाज खाली आला, सुरुवातीला भेटलेला मित्र शेवटी शेवटी पुन्हा भेटला तेव्हा तो बदललेला होता, असे लोक सांगू लागतात. यावरून माझे असे मत झाले आहे की श्रोत्याला एक माणूस हवा असतो, जो चाळीस-पन्नास मिनिटे आपल्याशी बोलेल आणि ज्याचे बोलणे त्याच्यावाचून दुसऱ्या कोणालाही जमले नसते अशी आपली खात्री पटेल. शब्द, ठेका, यमके आणि गाण्यांचा क्रम ही त्या माणसापर्यंत पोहोचण्याची साधने आहेत.

मात्र कोणता माणूस हवा, हे प्रत्येकाचे वेगळे असते, आणि वादाचे मूळ इथेच आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षात असलेल्या तरुणाला लढणारा आवाज हवा असतो. ज्याचा जवळचा मित्र गेला आहे त्याला भीती आणि अपराधभाव मान्य करणारा आवाज हवा असतो. शब्दखेळाची हौस असलेल्याला चलाख बोलणारा हवा असतो आणि त्याच्या जीवनात काय घडले याच्याशी त्या श्रोत्याला फारसे देणे-घेणे नसते. सातपूरला दुसऱ्या पाळीत काम करणारे एक श्रोते आमच्याकडे येतात. रात्री घरी परतताना ऐकायला चालेल तोच अल्बम चांगला, अशी त्यांची साधी कसोटी आहे, आणि ती कोणत्याही समीक्षकाच्या कसोटीपेक्षा कमी दर्जाची आहे असे मला वाटत नाही. 'सर्वांत थोर अल्बम कोणता' हा वाद घालण्यापूर्वी आपण स्वतः कशासाठी ऐकतो हे प्रत्येकाने सांगून टाकले, तर निम्मे वाद उरणारच नाहीत.

३. मला फ्लो म्हणजे काय ते नीट कळत नाही. वेगाने बोलणे म्हणजे फ्लो का?

वेग हा फ्लोचा एक लहानसा भाग आहे. बहुतेक रॅप चार मात्रांच्या ठेक्यावर उभा असतो. अशा चार मात्रांच्या एका आवर्तनाला बार म्हणतात आणि रूढ व्हर्स, म्हणजे गाण्यातले एक कडवे, सोळा बारांचा असतो. या चौकटीत शब्द कुठे बसवायचे, कुठे मात्रेच्या किंचित आधी टाकायचे, कुठे मागे रेंगाळायचे, श्वास कुठे घ्यायचा आणि यमक कुठे लपवायचे, या सर्व निर्णयांना मिळून फ्लो म्हणतात. उदाहरणासाठी मी स्वतः दोन ओळी रचून दाखवतो:

अंबडचा भोंगा वाजला, डब्यात भात गार,
खांद्यावरती रात माझ्या, हातात हत्यार.

'गार' आणि 'हत्यार' हे शेवटचे यमक कोणालाही ऐकू येते. पण ओळी पुढे सरकतात त्या 'भात', 'रात', 'हात' या आतल्या यमकामुळे. आता 'रात माझ्या' हे शब्द नेमके मात्रेवर न टाकता अर्ध्या मात्रेने उशिरा टाकून पाहा आणि 'हातात हत्यार' भराभर म्हणून ठेका गाठा. थकलेला माणूस घराकडे निघाला आहे, हे शब्दांत कुठेही लिहिलेले नसताना ऐकू येऊ लागते. दुसरी ओळ एका श्वासात म्हणता आली नाही तर तोही दोष मानू नये. श्वास तुटण्याची जागा चांगली निवडली, तर ती अर्थाला मदतच करते. अल्बमच्या पातळीवर श्रोत्याला फ्लोमध्ये विविधता हवी असते. एकच चाल बारा गाण्यांत वापरली, तर तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर शब्द चांगले असूनही कान बंद होतो, आणि हे का झाले ते श्रोत्याला पुष्कळदा सांगताही येत नाही.

४. अमेरिकन रॅपमधले शब्द मला कळत नाहीत. मग तो अल्बम मी कसा ऐकावा?

पहिल्यांदा शब्दांच्या मागे न लागता ऐकावा. आवाज, ठेका आणि भाव यांतून काय कळते ते कळू द्यावे. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून ऐकावा, आणि तिसऱ्यांदा शब्द बाजूला ठेवून. दुसऱ्या वेळी गल्लीतील बोली, जागांची नावे आणि स्थानिक संदर्भ अडतात. ते सगळेच उलगडण्याची गरज नसते. पंचवटीतला माणूस 'गंगेवर जाऊन आलो' म्हणतो तेव्हा बाहेरच्याला तो गोदावरीविषयी बोलतो आहे हे सांगावे लागते, पण ते सांगितल्यावर सगळे वाक्य उघडते. अल्बममध्येही अशा मोजक्याच किल्ल्या असतात. मात्र जो अल्बम केवळ शब्दकोड्यांवर उभा आहे, तो परक्या भाषेच्या श्रोत्याला अर्धाच मिळतो, हे मान्य करायला हवे. तो कमी प्रतीचा असतो असे नाही. आपल्याला तो पूर्ण मिळत नाही एवढेच.

५. शब्द महत्त्वाचे की बीट?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

ज्यांनी गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत मेन रोडवर उभे राहून नाशिक ढोल ऐकला आहे, त्यांना खालच्या पट्टीतला आवाज कानाआधी छातीत पोहोचतो हे सांगावे लागत नाही. ताशाची तडतड वरून धावत असते आणि ढोलाचा ठोका खाली जमीन धरून असतो. रॅपच्या बीटमध्येही अशीच वाटणी असते. किक ड्रम आणि बेस जमीन धरतात, स्नेअर ड्रम आणि हाय-हॅट झांजा वेळ मोजतात, आणि आवाज या दोहोंमधल्या मोकळ्या जागेत चालतो. चांगला निर्माता, म्हणजे बीट तयार करणारा, ही जागा मोकळी ठेवतो. बीट कितीही श्रीमंत असला तरी रॅपरच्या आवाजाच्याच पट्टीत त्याने वाद्ये भरून ठेवली असतील, तर श्रोत्याला शब्द ऐकू येत नाहीत आणि दोष मात्र रॅपरच्या उच्चारांवर येतो.

जुन्या अल्बमांचा जो खरखरीत, आखूड पुनरावृत्तीचा नाद अनेकांना हवासा वाटतो, त्यामागे साधनांच्या मर्यादाही आहेत. १९८७ मध्ये आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलर (ध्वनीचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणाऱ्या) यंत्रात एकूण सुमारे दहा सेकंदांचाच ध्वनी साठवता येत असे. त्यामुळे निर्माते जुन्या रेकॉर्डमधला एखादा तुकडा जलद गतीने वाजवून आत घेत आणि यंत्रात पुन्हा मंद करत. त्यात आवाजाचा पोत बदलत असे आणि तोच पोत पुढे शैली बनला. श्रोत्याला 'त्या काळचा आवाज' हवा असतो तेव्हा पुष्कळदा त्याला हीच खरखर हवी असते.

आता मूळ प्रश्नाकडे. एका गाण्यापुरता बीट जिंकू शकतो. लग्नाच्या वरातीत किंवा व्यायामशाळेत शब्दांची कोणी चौकशी करत नाही आणि करण्याचे कारणही नाही. पूर्ण अल्बमवर मात्र शब्दांचे पारडे जड होते, कारण चाळीस मिनिटे केवळ ठेका ऐकवून लक्ष धरून ठेवणे अवघड असते. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी गृहवसाहतीत वाढलेल्या नॅस या रॅपरचा 'इल्मॅटिक' हा १९९४ चा अल्बम या बाबतीत अभ्यासण्याजोगा आहे. त्यावर डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप आणि एल.ई.एस. अशा पाच निर्मात्यांचे काम आहे, तरीही तो एकाच ठिकाणी, एकाच संध्याकाळी घडल्यासारखा वाटतो. हा एकसंधपणा वीस वर्षांच्या एका मुलाच्या नजरेतून आलेला आहे; खिडकीतून दिसते तेवढेच तो सांगतो आणि त्यापलीकडे जात नाही.

एक सूचना. बीट चांगला की वाईट हे फोनच्या स्पीकरवर ठरवू नका. एवढासा स्पीकर खालचे स्वर वाजवूच शकत नाही, त्यामुळे बेसवर बांधलेला अल्बम त्यावर पोकळ वाटतो. साधे पण बरे हेडफोन पुरेसे आहेत.

६. अल्बमची लांबी किती असावी? हल्लीचे अल्बम संपतच नाहीत.

'इल्मॅटिक'वर प्रास्ताविकासह दहा ट्रॅक आहेत आणि तो चाळीस मिनिटांच्या आत संपतो. २०१८ मध्ये पुशा टी या रॅपरचा 'डेटोना' सात ट्रॅकांत, साधारण एकवीस मिनिटांत आटोपला आणि त्याच वर्षी ड्रेकचा 'स्कॉर्पियन' पंचवीस ट्रॅक घेऊन आला. दोन्हींना मोठा श्रोतृवर्ग मिळाला, त्यामुळे लांबीचा नियम सांगता येत नाही. तरीही लांबी वाढण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. डिसेंबर २०१४ पासून अमेरिकेतील मुख्य अल्बम-क्रमवारीत स्ट्रीमिंगची गणना होऊ लागली; सुरुवातीला अल्बममधील गाणी मिळून १५०० वेळा वाजली की एका अल्बमची विक्री धरली जाई. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद वाजले तरी ते एकदा ऐकले गेले असे मोजतात. अशा हिशेबात अधिक आणि आखूड गाणी देणे फायद्याचे ठरते.

श्रोत्याचा हिशेब वेगळा आहे. मुंबईला ये-जा करणारे आमचे एक सदस्य म्हणतात की, पंचवटी एक्स्प्रेस नाशिक रोडहून निघून इगतपुरीला पोहोचते तोवर अल्बम संपला पाहिजे. पुढे घाट, बोगदे आणि गर्दी यांत लक्ष राहत नाही. म्हणजे पाऊण तासाच्या आसपास. बहुतेकांना हवी असलेली लांबी हीच आहे असे माझे निरीक्षण आहे. त्याहून लांब अल्बम चालतो, पण तेवढा वेळ मागण्यासारखे त्यात काही असावे लागते.

७. गाण्यांचा क्रम एवढा महत्त्वाचा आहे का? मी शफल करूनच ऐकतो.

शफल करून ऐकण्यात गैर काही नाही, पण मग आपण अल्बम ऐकला असे म्हणू नये, त्यातली गाणी ऐकली असे म्हणावे. अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारच्या २०१५ च्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'मध्ये एक निवेदन तुकड्यातुकड्याने येत राहते. दर वेळी त्यात काही ओळी वाढतात आणि अगदी शेवटी ते पूर्ण होते, तेव्हा कळते की तो हे सर्व टुपॅक शकूर या दिवंगत रॅपरला वाचून दाखवत होता, आणि टुपॅकच्या जुन्या मुलाखतीतील ध्वनी वापरून दोघांचा संवाद घडतो. शफल केल्यावर हे निवेदन विस्कळीत बडबड वाटेल.

याच कलावंताचा २०१७ चा 'डॅम' हा क्रमाच्या प्रश्नावरचा सर्वांत धाडसी प्रयोग आहे. चौदा ट्रॅकांचा हा अल्बम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नेमक्या उलट्या क्रमाने पुन्हा प्रसिद्ध झाला. सुलट ऐकताना सुरुवातीलाच निवेदकावर गोळी झाडली जाते आणि शेवटच्या गाण्यात त्याच्या वडिलांनी तरुणपणी दाखवलेल्या चांगुलपणामुळे त्यांचा जीव कसा वाचला हे कळते. उलट ऐकताना तीच वाट जीवदानापासून मृत्यूकडे जाते. गाणी तीच, पण माणसाचे नशीब बदलते. आमच्या बैठकीत हा अल्बम आधी एका आणि नंतर दुसऱ्या क्रमाने ऐकला गेला, तेव्हा ऐकणाऱ्यांचे दोन स्पष्ट गट पडले. मला उलटा क्रम अधिक कठोर आणि म्हणून अधिक खरा वाटतो.

८. मधले संवाद, फोनचे निरोप, स्किट (छोटी नाटुकली) हे सगळे वगळले तर चालेल का?

पहिल्यांदा ऐकताना वगळू नका. डे ला सोल या रॅप समूहाच्या १९८९ च्या 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' या अल्बमवर प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमाच्या थाटातले स्किट आहेत आणि पुढे ही पद्धत इतकी रुळली की नव्वदीच्या दशकात चांगल्या-वाईट सर्वांनीच ती वापरली. स्किटने पुढच्या गाण्याची जागा, वेळ किंवा पात्र उभे केले तर ते अल्बमचा भाग आहे. केवळ गंमत असेल तर दुसऱ्यांदा ती ओसरते, मग खुशाल वगळा. क्रमाविषयी प्रश्न ७ पाहावा.

९. पाहुणे रॅपर किती असावेत?

अल्बम ज्याचा आहे त्याचा विसर पडणार नाही इतके. 'इल्मॅटिक'वर ए झी हा एकच पाहुणा रॅपर आहे आणि तो नेमका लक्षात राहतो.

१०. घरात मोठ्याने लावता येत नाही इतक्या शिव्या असतात. बायकांविषयीची भाषा तर ऐकवत नाही. अशा अल्बमला थोर का म्हणायचे?

या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या वेगळ्या करूनच उत्तर देता येते. शिवी ही बोलीचा भाग असते. भद्रकालीत किंवा शालिमारला दुपारी उभे राहिले तर जी भाषा कानावर येते, ती एखाद्या गाण्यात जशीच्या तशी आली म्हणून ते हलके ठरत नाही. हिंसेचेही तसेच, निवेदक हिंसा सांगतो आहे, तिचे भय सांगतो आहे, की तिची जाहिरात करतो आहे, हे आवाजावरून आणि पुढच्या गाण्यावरून ओळखता येते.

स्त्रियांविषयीच्या तुच्छतेला मात्र हा बचाव पुरत नाही. बैठकीला येणाऱ्या स्त्रिया हे स्पष्टपणे सांगतात आणि मला त्यांचे म्हणणे पटते. ज्या कलावंताला आपल्या गल्लीतला प्रत्येक पोरगा वेगळा दिसतो, त्याला तिथल्या सर्व स्त्रिया एकसारख्या दिसत असतील तर ती त्याच्या निरीक्षणाची त्रुटी आहे आणि ती कलेची त्रुटी म्हणूनच मोजली पाहिजे. नावाजलेल्या अल्बमांतही ती आहे. कोणी त्या कारणासाठी एखादा अल्बम अर्ध्यात बंद केला, तर त्याला रॅप कळत नाही असे म्हणण्याचा अधिकार इतरांना नाही. लॉरिन हिलचा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' हा १९९८ चा अल्बम मी अशा वेळी आवर्जून सुचवतो. १९९९ च्या ग्रॅमी सोहळ्यात तो वर्षातील सर्वोत्तम अल्बम ठरला आणि हिप-हॉपमधल्या अल्बमला तो मान प्रथमच मिळाला. पुरस्कारापेक्षा महत्त्वाचे हे की, रॅप आणि गायन या दोन्हींवर हुकूमत असलेली एक स्त्री त्यात प्रेम, मातृत्व आणि व्यवसाय यांविषयी स्वतःच्या अटींवर बोलते.

११. रॅपरने जे जगले तेच सांगितले पाहिजे का? कल्पित पात्र घेऊन केलेला अल्बम खोटा ठरतो का?

खोटा ठरत नाही, आणि हा प्रश्न २ मधील उत्तराचा खरा अपवाद आहे. तेथे मी म्हटले आहे की श्रोत्याला एक माणूस हवा असतो. पण तो माणूस जन्मदाखल्यावरचाच असावा अशी अट नाही. एमएफ डूम हा रॅपर धातूचा मुखवटा घालून रंगमंचावर येत असे आणि स्वतःविषयी खलनायक म्हणून, पुष्कळदा तृतीयपुरुषी, बोलत असे. मॅडलिब या निर्मात्याबरोबरच्या त्याच्या २००४ च्या 'मॅडव्हिलनी'वर बावीस ट्रॅक आहेत, त्यांतले कित्येक दोन-अडीच मिनिटांतच संपतात आणि गुणगुणता येईल असा हुक (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) फारसा नाहीच. आत्मचरित्र शोधणाऱ्याला तो अल्बम रिकामा वाटतो. तरीही त्यातील विचार करण्याची पद्धत, शब्दांना शब्द लागून येण्याची तऱ्हा इतकी एकाच माणसाची आहे की मुखवट्याआडूनही तो माणूस ओळखू येतो.

श्रोत्याला खटकते ते उसने जगणे. इंदिरानगरच्या सोसायटीत सुखात वाढलेल्या मुलाने बंदुका आणि टोळ्यांवर बारा गाणी केली, तर ऐकणाऱ्याला ते लगेच कळते, कारण त्या गाण्यांत तपशील नसतात, फक्त ऐकीव शब्द असतात. त्याच मुलाने अकरावीच्या क्लासची फी, घरातली न बोलली जाणारी भांडणे आणि मित्रांमध्ये कमी पडण्याची भीती सांगितली, तर लोक कान देऊन ऐकतील.

१२. मराठीत थोर रॅप अल्बम आहे का? शाहिरी आणि रॅप एकच का मानत नाहीत?

मराठी रॅप आज जोमात आहे. मुंबईच्या 'स्वदेशी' या समूहातील एमसी मवाली मराठीत रॅप करतो. या समूहाने २०१९ मध्ये आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह वारली समाजाच्या जमिनीच्या प्रश्नावर गाणे केले. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर २०२२ मध्ये एमटीव्हीच्या 'हसल' या कार्यक्रमातून घरोघरी पोहोचला. पुण्याचा सांबाटा मराठी बोलीला ट्रॅप या रॅप-प्रकाराच्या ठेक्यावर सहज बसवतो. मात्र आपल्याकडे जोर अजून सुट्या गाण्यांवर आणि त्यांच्या व्हिडिओंवर आहे. पूर्ण चाळीस मिनिटांचा, क्रमाने ऐकलाच पाहिजे असा मराठी अल्बम आमच्या बैठकीत सर्वांनी एकमुखाने थोर म्हणून उचलून धरला आहे, असे अद्याप झालेले नाही. ही मागणी श्रोत्यांकडून सातत्याने येते, आणि बागलाण, मालेगाव, कळवण भागांतून येणारे तरुण तर अहिराणीत पूर्ण अल्बम हवा असे म्हणतात. अहिराणीचा तुटक, ठसकेबाज उच्चार ठेक्याला फार चांगला बसेल याविषयी मला शंका नाही.

शाहिरीविषयी. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ मध्ये जन्मलेल्या वामनदादा कर्डकांची परंपरा याच जिल्ह्याची आहे, त्यामुळे हा प्रश्न येथे आपुलकीने विचारला जातो. दोन्हींत साम्य पुष्कळ आहे: लोकांसमोर उभे राहून, लोकांच्याच बोलीत, ठेक्यावर, अन्यायाविषयी बोलणे, मागे झील धरणारे साथीदार, एका ओळीवर उसळणारी दाद. फरक मला 'मी'चा वाटतो. शाहीर बहुतांशी समाजाच्या वतीने बोलतो. रॅपर स्वतःच्या घरापासून, स्वतःच्या चुकांपासून सुरुवात करतो आणि जमलेच तर समाजापर्यंत पोहोचतो. ब्राँक्सच्या तरुणांनी आपली कला आपल्या परिस्थितीतून घडवली आणि आपल्या शाहिरांनी आपली; एकीला दुसरीची शाखा ठरवण्याची गरज नाही. पण मराठी रॅपरने वामनदादांची गाणी मन लावून ऐकली, तर अवघड विचार चार सोप्या शब्दांत जमावापर्यंत कसा न्यावा हे त्याला फुकट शिकायला मिळेल.

१३. पुरस्कार मिळालेले किंवा नामवंत याद्यांतले अल्बमच ऐकावेत का?

सुरुवात करण्यासाठी याद्या ठीक आहेत. 'डॅम'ला २०१८ मध्ये संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. शास्त्रीय आणि जाझ यांच्याबाहेरील कृतीला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्यामुळे रॅप ऐकायला कचरणारे अनेक सुशिक्षित लोक त्याकडे वळले. पण यादीतला अल्बम आवडला नाही म्हणून संकोच बाळगू नये. एखादा अल्बम थोर आहे हे पटूनही तो पुन्हा लावावासा न वाटणे, आणि एखादा सामान्य आहे हे ठाऊक असूनही तो वर्षानुवर्षे सोबत असणे, या दोन्ही गोष्टी शक्य आहेत.

१४. पहिल्यांदा आवडला नाही तर किती वेळा ऐकावा?

कंटाळा आला असेल तर पुन्हा ऐकू नका. गोंधळ झाला असेल तर महिन्याभराने पुन्हा ऐका. 'टू पिंप अ बटरफ्लाय'मध्ये जाझ आणि फंक इतके आहे की रॅपची सवय असलेल्यांचाही पहिल्यांदा गोंधळ होतो. कंटाळा सहसा येत नाही.

१५. तुम्ही सुचवलेला जुना अल्बम स्ट्रीमिंगवर सापडत नाही. असे का?

बहुधा सॅम्पलांच्या हक्कांमुळे. ऐंशीच्या दशकात दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधले तुकडे बऱ्याचदा परवानगीविना वापरले जात. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीच्या गाण्यावरील खटल्यात अमेरिकेच्या न्यायालयाने त्याच्या विरोधात निर्णय दिला आणि त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी घेणे व्यवहारात बंधनकारक झाले. डे ला सोलचा प्रश्न ८ मध्ये उल्लेखिलेला अल्बम अशा अडचणींमुळे कित्येक वर्षे अधिकृतपणे स्ट्रीमिंगवर नव्हता. तो मार्च २०२३ मध्ये आला. शेकडो तुकडे एकावर एक रचून केलेले तसे अल्बम पुढे दुर्मीळ का झाले, याचे उत्तरही पुष्कळसे याच खर्चात आहे.

१६. कलावंत माणूस म्हणून वाईट वागला असेल, तर त्याचा अल्बम ऐकावा का?

बैठकीत आम्ही सक्ती करत नाही आणि मनाईही करत नाही. माझ्यापुरते सांगायचे, तर ज्या अल्बमचे सगळे बळ 'मी तुमच्याशी खरे बोलतो आहे' या विश्वासावर आहे, तो विश्वास उडाल्यावर मला ऐकता येत नाही. जिथे पात्र आणि माणूस वेगळे आहेत (प्रश्न ११ पाहावा), तिथे ऐकणे तुलनेने सोपे जाते.

१७. मी नाशिकचा आहे आणि स्वतःचा पहिला अल्बम करतो आहे. श्रोत्यांना काय हवे ते पाहून गाणी लिहू का?

लिहिताना पाहू नका, निवडताना अवश्य पाहा. लिहिताना श्रोत्याचा विचार केला की लोक आधीच टाळ्या वाजवतात त्या ओळी सुचतात: शहराचा अभिमान, शत्रूला इशारा, आईचे कष्ट. यांतल्या प्रत्येकीत सांगण्यासारखे आहे, पण ते तपशिलात आहे. 'नाशिक आपलं' असे चार वेळा म्हटल्याने शहर दिसत नाही. द्वारका चौकात सिग्नलला थांबलेली रिक्षा, त्यात मागे बसलेले तुम्ही, मांडीवरची फाईल आणि मुलाखतीला झालेला उशीर हे सांगितले, तर ज्याने नाशिक कधी पाहिले नाही त्यालाही ते दिसेल.

निवडताना मात्र कठोर राहा. झालेली सर्व गाणी क्रमाने लावून, फोन दूर ठेवून, एका बैठकीत ऐका. ज्या गाण्याच्या वेळी तुमचे स्वतःचे लक्ष उडाले ते काढा, मग त्याचा व्हिडिओ आधीच चित्रित झाला असला तरी. एकच गोष्ट दोन गाण्यांत सांगितली असेल तर दोहोंपैकी कमी शब्दांत सांगणारे ठेवा. सर्वांत चांगले गाणे पहिले ठेवण्याचा मोह होतो. पहिले असे ठेवा की ज्याने तुमचा आवाज आणि तुमची जागा ओळखीची होईल, आणि सर्वांत चांगले तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर येऊ द्या. त्यानंतर तो संच रॅप न ऐकणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला ऐकवा आणि 'आवडले का' असे न विचारता 'हा मुलगा कोण आहे, काय करतो, कशाला घाबरतो' असे विचारा. उत्तरे बरोबर आली तर अल्बम तयार आहे. चुकीची आली तर कोणत्या गाण्याने चुकीचे सांगितले ते शोधा, आणि तो ट्रॅक पुन्हा रेकॉर्ड करा.